बंद करू नका, अपडेट चालू आहे

डॉक्टर लग्नकार्यात भेटला की लोक त्याला गुडघा दाखवतात. मला मोबाइल दाखवतात. मोबाइलमध्ये घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्याचा तिरपा, हललेला फोटो असतो आणि एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचं बोट. परवा बडनेऱ्याला एका साक्षगंधाला गेले होते. ताटातली पातोडी अजून मोडलीही नव्हती, तेवढ्यात मुलीकडचे एक गृहस्थ असाच फोटो घेऊन आले.

“ताई, हे कवापासून अपडेट करा, अपडेट करा म्हनून राहिलं. येऊ देऊ का बंद करून टाकू?”

“येऊ द्या,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. त्यांना ‘बंद करा’ हे उत्तर हवं होतं. हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बहुतेकांना तेच हवं असतं. मनातून त्यांनी ते आधीच बंद केलेलं असतं, माझ्याकडे फक्त शिक्का मारायला येतात.

मी अमरावतीत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करते. आधी एका टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. टाइपरायटर गेले, त्यांच्या टेबलांवर कॉम्प्युटर आले, आणि ते बिघडले की कोणीतरी उघडून बघायला हवं म्हणून मी हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतला. इन्स्टिट्यूट बंद पडली, स्क्रू-ड्रायव्हर राहिला. दुकान मी कधी टाकलं नाही. स्कूटीला अडकवलेली बॅग हेच दुकान. रोज अमरावती आणि मंगळवारी अकोला, असं माझं गेली कित्येक वर्षं चालू आहे. ऑफिसची कामं घेत नाही, तिथे त्यांची माणसं असतात. मला घरं आवडतात. कॉम्प्युटर कुठल्या खोलीत ठेवलाय, त्याच्यावर कुठल्या जुन्या साडीचं कव्हर घातलंय, कीबोर्ड उलटा करून आपटला की शेव पडते की मुरमुरे, यावरून त्या घराचं बरंच कळतं. बाईमाणूस म्हणून मला सरळ आतल्या खोलीत नेतात, पाणी देतात, आणि मग विचारतात, “तुमचे मिस्टर नाही आले का?” आमच्या मिस्टरांना प्रिंटरमध्ये कागद कुठून घालायचा हे अजून मला विचारावं लागतं. पण हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.

तर अपडेट. ज्यांना याची काही कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. समजा, तुम्ही घर बांधलं. राहायला गेल्यावर मिस्त्रीच्या लक्षात आलं की मागच्या खिडकीची कडी बाहेरून हात घालून उघडता येते. मिस्त्री चांगला असेल तर तो येऊन कडी बदलून जातो, पैसेही घेत नाही. अपडेट म्हणजे हे कडी बदलणं. चोरांना ती खिडकी कळायच्या आत बदललेली बरी, म्हणून मी ‘येऊ द्या’ म्हणते. पण या मिस्त्रीच्या खोडीही सांगायला हव्यात. तो बेल न वाजवता येतो. तुम्ही जेवायला बसलेले असता तेव्हा येतो. कडी बदलता बदलता तो तुमच्या ओट्यावरचे डबे इकडचे तिकडे करतो, कधीकधी एखादा डबा फेकूनही देतो, आणि जाताना सगळं पहिल्यापेक्षा छान केलं असं सांगून जातो. चिडणाऱ्याचंही चुकत नाही.

आमच्या वऱ्हाडात या मिस्त्रीला आणखी एक अडचण येते, ती बोर्डाच्या बटणाची. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडताना देव्हाऱ्याला नमस्कार करायचा एखादवेळी विसरेल, बोर्डावरची बटणं बंद करायला विसरणार नाही. भारनियमनाच्या वर्षांनी लावलेली ही सवय आहे. लाईट गेली की परत येताना कमी येते की जास्त याचा भरवसा नसायचा. कोणाचा टीव्ही जळालेला, कोणाचा फ्रिज. त्यात मृगातल्या विजा. त्यामुळे दारातून पाय बाहेर टाकायच्या आधी ‘बटणं बंद केली का?’ हे ओरडून विचारायची रीत आहे. आता इकडे पडद्यावर लिहून आलेलं असतं की अपडेट चालू आहे, बंद करू नका. आणि तिकडे घरातल्या काकू पिशवी घेऊन भाजीला निघालेल्या असतात. त्या सवयीने खटाखट सगळी बटणं पाडतात. संध्याकाळी मला फोन येतो की कॉम्प्युटर सुरू होत नाही, जरा फॉरमॅट मारून द्या. जगात दुसरीकडे लोकांचे कॉम्प्युटर कशाने बिघडतात ते मला माहीत नाही. माझ्याकडचे निम्मे असे बिघडतात.

दिवाळी हा माझा सीझन. वरूडकडे संत्र्याच्या बागा असलेल्या बऱ्याच घरांत कॉम्प्युटर आहे, पण नेट नाही. वर्षभर तो बिचारा गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या छापतो आणि पत्ते खेळायला देतो. दिवाळीत मुलं नागपूर-पुण्याहून येतात, त्यांच्या मोबाइलचं नेट त्याला मिळतं, आणि वर्षभर साचलेली सगळी अपडेटं त्या दिवशी एकदम घरात शिरतात. अशाच एका बागायतदारांचा मला भर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोन आला. “ताई, तुमच्या कॉम्प्युटरनं माह्या पोराचं सगळं नेट खाऊन टाकलं, अन् आता निळा होऊन बसला.” चालत असतो तोवर कॉम्प्युटर त्यांचा असतो, बिघडला की माझा होतो. मी त्यांना सांगितलं, “त्याले जेवू द्या पोटभर. वर्षाचा उपाशी आहे.” दुसऱ्या दिवशी तो आपोआप ठीक झाला आणि मला संत्र्याची पेटी आली.

सगळी घरं अशी हसण्यावारी नेण्यासारखी नसतात. चांदूर बाजारला एका घरी गेले होते. कॉम्प्युटर विकणाऱ्याने अपडेट पहिल्या दिवसापासून बंद करून दिलं होतं, कटकट नको म्हणून. कुठून तरी एक किडा शिरला आणि त्याने आतल्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं. त्यात त्या घरातल्या मुलीचे लहानपणापासूनचे फोटो होते. ती मुलगी आता नव्हती. तिची आई सगळा वेळ खुर्चीमागे उभी होती. मला जे येत होतं ते सगळं मी करून पाहिलं, आणि काही झालं नाही. त्या दिवशी चहा न घेता निघाले. त्या दिवसापासून ‘येऊ द्या’ म्हणताना माझा आवाज जरा चढतो, असं माझी मुलगी म्हणते.

इतकं ठाम मत असूनही एका घरी मी स्वतःच्या हाताने अपडेट बंद केलं. ते घर अकोल्याचं, भास्करकाकांचं.

भास्करकाका जन्मापासून आंधळे. एका सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते, तिथूनच रिटायर झाले. सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक, रोज दाढी केलेले, घरातही शर्ट खोचून बसणारे. मी दारात स्कूटर-रिक्षातून उतरले की आतूनच आवाज यायचा, “या ताई, आज चप्पल नवी दिसते.” दिसते हा शब्द ते बिनदिक्कत वापरायचे. त्यांच्या पत्नी शकुंतलाकाकू. मुलगा नितीन पुण्याला नोकरीला, त्यानेच वडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि त्यात पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. जिथे जिथे तुम्ही जाल, जे जे उघडाल, ते मशीन बोलून दाखवतं. काकांनी त्या आवाजाची गती इतकी वाढवून ठेवली होती की दुसऱ्या कोणाला त्यातलं अक्षरही कळू नये. मला अधूनमधून एखादा शब्द हाती लागायचा. काकू म्हणायच्या, “भांडे गडगडल्यावानी बोलते ते. ह्यायलेच समजते.”

त्या मशीनवर काका पेपर वाचत, पेन्शन जमा झाली का बघत, विजेचं बिल भरत, मित्रांना पत्रं लिहीत. स्वतःच्या नावाचं एक फोल्डर त्यांनी करून घेतलं होतं. त्यात रोज दुपारी काहीतरी टाइप करत. काय ते मी कधी विचारलं नाही.

एकदा उन्हाळ्यात काकू मूर्तिजापूरला लग्नाला गेल्या होत्या आणि काका घरी एकटे होते. टाइप करता करता मशीन बोलायचं थांबलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. लाईट गेली म्हणावं तर शेजारी कूलर चालू. बटणं दाबून पाहिली, तरी आवाज नाही. शेवटी मशीन अडकलं असं समजून त्यांनी उठून बोर्डाचं बटण बंद केलं आणि परत चालू केलं. त्यानंतर ते उठलंच नाही.

मी मंगळवारी गेले तेव्हा काय झालं ते मला पडद्याकडे पाहताच कळलं. अपडेट अर्ध्यात तुटलं होतं. अपडेटच्या वेळी ते वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही झोपलेलं असतं. म्हणजे ‘बंद करू नका’ ही सूचना मशीनने दिली होती, पण ज्यांना दिसतं त्यांनाच. मला त्या क्षणी फार राग आला. हे ज्याने कोणी बसून लिहिलं असेल, त्याच्या मनात असा माणूस आलाच नसेल का? काकांना मी पडद्यावर काय लिहून येतं ते सांगितलं.

“म्हनजे ते बोलून राहिलं होतं,” ते म्हणाले. “फक्त माह्यासंगं नाही.”

मशीन मी दोन मंगळवार खपून पूर्वीसारखं केलं. त्यानंतर काका म्हणाले, “ताई, हे अपडेट कायमचं बंद करून टाका.”

मी मिस्त्रीची आणि खिडकीच्या कडीची गोष्ट सांगितली. चांदूर बाजारचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कडी बदलाले आलेला मानूस न सांगता घरात हिंडते,” ते म्हणाले, “अन् तो आहे तोवर घरातलं बोलनं बंद. कोन आलं, काय करून राहिलं, मले काहीच कळत नाही. असा मानूस तुमी घरात घेसान का?”

मग ते हळू आवाजात बोलले. काकू आत चहा करत होत्या.

“लहानपनापासून माहे कागद लोकायनं वाचले, ताई. आंधी त्यायनं वाचाचं, मंग मले सांगाचं. वाटलं तर सांगाचं, नाही तर नाही. आमचं जुळल्यावर हिनं मले पत्र पाठवलं होतं. माह्या मोठ्या भावानं ते चार जनात वाचून दाखवलं. सगळे हासले. मीही हासलो. हे मशीन आल्यापासून पयल्यांदा असं झालं का आंधी मी वाचतो. ते गप्प झालं न, तं मी पुन्हा तिथंच जाऊन बसतो.”

मी अपडेट बंद केलं. ठरवलं की दर दोन-तीन महिन्यांनी मी येईन, त्यांच्या शेजारी बसेन आणि अपडेट हाताने करीन. तसं चाललंही होतं. मी सांगायचे, “काका, आता गप्प होईल हं.” ते हात मांडीवर ठेवून बसायचे. मी पडद्यावरचे टक्के वाचत जायचे आणि मध्ये मध्ये काकू बोरं नाहीतर भाजलेल्या शेंगा आणून ठेवायच्या. मशीन परत बोलू लागलं की काका मोठा श्वास सोडायचे. या व्यवस्थेवर मी खूश होते.

मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं, मी नागपूरला जाऊन राहिले आणि अकोल्याची फेरी लांबत गेली. परत आले तेव्हा काकांचा फोन आला की बँकेची वेबसाइट उघडत नाही. मशीन जुनं झालं, सुरक्षित नाही, असं म्हणून बँक दारातूनच परत पाठवत होती. पेन्शन जमा झाली का हे पाहायला त्यांना शेजाऱ्याच्या मुलाला मोबाइल द्यावा लागला होता. हे नितीनला कळलं आणि तो हादरला. त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी वडिलांना फोनवर गोड बोलून लुबाडलं होतं.

मी काकांकडे बसलेली असतानाच त्याचा फोन आला, काकांनी स्पीकरवर लावला. नितीन म्हणाला, “ताई, आता त्यांना विचारत बसू नका. अपडेट ऑटोमॅटिक करून टाका. आणि मला इथून त्यांचं मशीन चालवता येईल असं सॉफ्टवेअर टाकून द्या. अपडेटचंही मी बघीन, बँकेचंही मी बघीन. बाबांना काही करायलाच नको.”

नितीन वाईट मुलगा नाही. त्याच्या आवाजात काळजी होती आणि तिच्यामागे थोडी भीती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. माझी मुलगी उद्या मला हेच म्हणेल.

मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, “टाका. पोरगं म्हनते तं टाका.”

मी ते सॉफ्टवेअर टाकलं. नितीन पुण्याहून जोडला गेला. पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता हलायला लागला. काकू पुढे येऊन कौतुकाने पाहू लागल्या. “अवो, नितीन पुन्याहून चालवून राहिला! पाहा न!” आणि लगेच जीभ चावून गप्प झाल्या.

त्याबरोबर मशीन बोलायला लागलं. बाण जिथे जाईल तिथलं ते वाचणारच, त्याला माणूस पुण्यात बसलाय की अकोल्यात याच्याशी काय देणंघेणं. नेहमीच्याच वेगाने भांडी गडगडू लागली. काकूंना काही कळत नव्हतं, मला पडद्यावर दिसत होतं, आणि काकांना ऐकू येत होतं. नितीनने आधी अपडेटची खिडकी उघडली. मग डाउनलोड सुरू होईपर्यंत, सहज, आपण दुसऱ्याच्या घरी वाट पाहताना शोकेसमधलं बघतो तसं, तो इकडे तिकडे जाऊ लागला. डेस्कटॉप. फोटो. पत्रं. मग बाण काकांच्या नावाच्या फोल्डरवर गेला, ते उघडलं, आणि वरची फाइल उघडली. मशीनने पहिल्या काही ओळी भरभर वाचल्या. त्यातलं ‘शकू’ एवढंच मला समजलं.

काका खुर्चीत ताठ झाले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला रडू यायला लागलं. तो चेहरा काही केल्या माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

“नितीन,” ते म्हणाले. फोन चालूच होता. “तू जिथं जिथं जाऊन राहिला, ते मले सगळं ऐकू येऊन राहिलं, बाबू.”

बाण जागच्या जागी थांबला. मशीनही थांबलं. नितीन म्हणाला, “बाबा, मी नुसता पाहत होतो.”

“हाव. सगळे नुसतेच पाहतात.”

काकूंना काय झालं ते कळेना. त्या एकदा माझ्याकडे आणि एकदा काकांकडे पाहत होत्या. नितीनने फाइल बंद केली. तो म्हणाला, “पण बाबा, उद्या कोणी फसवलं तर? तुम्हाला कळणार पण नाही.”

“फसवलं तं फसीन. बाकीच्यायले काय कोनी फसवत नाही? फसलो का आंधी तुलेच फोन करीन. पन तोवर मले माह्या घरात एकटं राहू दे.” मग ते माझ्याकडे वळले. “ताई, अपडेट चालू करा. आपोआप येते ना, तसंच येऊ द्या. अन् हे दुसरं काढून टाका.”

मला राहवलं नाही. ज्या माणसाने मला अपडेट कायमचं बंद करायला लावलं होतं, तो आता ‘येऊ द्या’ म्हणत होता. मी म्हटलं, “काका, तो मिस्त्रीही परकाच आहे. तोही विचारल्याशिवाय येतो. तुमीच म्हटलं होतं, असा मानूस घरात कोन घेते म्हनून.”

“म्हटलं होतं. पन त्याले मी कोन हे माहीत नाही, ताई. तो सगळ्यायच्याच घरी जाते. नितीनले फक्त माह्याच घरी याचं आहे.”

या विषयावर मी इतकी वर्षं लोकांशी बोलले, पण असा विचार मला कधी सुचला नव्हता. तो पूर्ण बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही. त्या परक्या मिस्त्रीची नजर कुठे कुठे असते हे आपल्याला थोडंच माहीत असतं. पण त्या खोलीत, त्या वेळी, त्या माणसाला तो बरोबर होता. मी नितीनचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. निघताना त्याचा मला वेगळा फोन आला. “ताई, ते त्यांना ऐकू येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही,” एवढंच तो बोलला आणि मला त्याचीही दया आली.

पुढचं काम माझं होतं. अपडेट आपोआप येईल, पण मशीन बंद होऊन परत सुरू होण्याआधी काकांना बोलून विचारेल आणि त्यांनी हो म्हटल्यावरच गप्प होईल, असं लावून दिलं. परत सुरू झाल्यावर अगदी पहिल्या पायरीपासूनच आवाज येईल असंही केलं. प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. राहिला बोर्डाच्या बटणाचा प्रश्न. हात सवयीने तिकडे जाणारच. यावर तोडगा काकूंनी काढला. त्यांनी आपल्या कपाळावरची खड्याची टिकली काढली आणि कॉम्प्युटरच्या बटणावर दाबून चिकटवली. “ह्यायच्या बोटाले लागली का समजन, हे बटन पाडाचं नाही.” काकांनी बोर्डावरून बोटं फिरवली, टिकलीपाशी थांबली, आणि ते हसले.

मशीन गप्प झाल्यावर ते जिवंत आहे हे कसं ओळखायचं, हे मी त्यांना शिकवलं. सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवायचा. आतला पंखा फिरत असला की बारीकशी थरथर लागते. ती लागत असेपर्यंत घाबरायचं नाही. मध्ये एकदोनदा ती थांबून परत सुरू होते, तेव्हाही घाबरायचं नाही. काकांनी हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, “मांजर झोपल्यावानी आहे.”

पुढच्या मोठ्या अपडेटच्या दिवशी मी अकोल्याला नव्हते. अमरावतीत एका घरी कोणाचा तरी सीपीयू उघडून जमिनीवर बसले होते, हाताला धूळ लागलेली. फोन वाजला.

“ताई, मशीननं विचारलं. मी हो म्हटलं. आता गप्प झालं.”

“हात ठेवलाय?”

“ठेवला आहे.”

“थरथर आहे?”

“आहे.”

बस. त्यापुढे मला करण्यासारखं काही नव्हतं. हे आज बिघडलं तर पुढच्या खेपेला नितीनचं ऐकावं लागेल, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मला काहीतरी सूचना द्याव्याशा वाटत होत्या, धीर द्यावासा वाटत होता, पण मी फोन नुसता कानाला धरून ठेवला. तेही फोन ठेवत नव्हते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मागून काकूंचा आवाज आला, “मी पाहून सांगू का, काय लिवलं आहे ते?”

“नको. तू बस.”

“थांबलं, ताई,” मध्येच ते म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “थरथर थांबली.”

“थांबते कधीकधी,” मी म्हटलं. ज्यांचा कॉम्प्युटर मी उघडून बसले होते त्या बाई दारात येऊन माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना हाताने थांबा म्हटलं.

“लागली. पुन्हा लागली.”

आणि मग त्यांच्या फोनमधून, लांबून, भांडी गडगडली. अकोल्यातल्या त्या खोलीत मशीन भराभर काहीतरी बोलत सुटलं. मला एक अक्षरही कळलं नाही आणि तरीही मी मोठ्याने हसले. मला वाटलं काका आता काही बोलतील, काय आलं ते सांगतील, निदान थँक यू म्हणतील.

“ताई, आता तुमी फोन ठेवा,” ते म्हणाले. “पासवर्ड टाकाचा आहे.”

आणि फोन बंद व्हायच्या आत मला ऐकू आलं, “शकू, तूही जरा सैपाकघरात जा.”